आत्याचं सुतक

"कोण रे बाळा, तुझं कोण?" असं एर्मेलिंदाबाईंनी विचारलं आणि तोमे "आत्या" म्हणाला. घडलं ते एवढंच. पण पोर्तुगालमधलं कोइंब्रा हे गावच असं आहे, की तिथे नदीकाठी कुणी शिंकलं तर चढण चढून विद्यापीठापर्यंत जाता जाता त्या शिंकेचा न्यूमोनिया होतो, आणि शिंकणारा वर पोचतो तेव्हा लोक फुलं घेऊन उभे असतात. तोमेला वाटलं, म्हातारी विचारतेय की तिकडे बेइराला तुझं कोण असतं. साधा प्रश्न होता. समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर, वादळानं बेइरा शहर उताणं पाडलं होतं, नद्या घरांत शिरल्या होत्या, आणि कोइंब्र्याची पोरं तेव्हापासून खालच्या बाजाररस्त्यावर आपल्या विद्यार्थी-गणवेशातल्या काळ्या घोंगड्या चार कोपऱ्यांनी ताणून "बेइरासाठी! बेइरासाठी!" असं ओरडत उभी होती, तोमेही त्यांतच. लोक वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतूनसुद्धा नाणी फेकत. नेम चुकला की पोरांच्या टाळक्यात बसत. तेव्हा "तुझं कोण" म्हटल्यावर आत्या, हे उत्तर बरोबरच होतं. फक्त प्रश्न तो नव्हता. नवरा गेल्यापासून एर्मेलिंदाबाईंनी काळ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लागू दिला नव्हता आणि काळ्याची भाषा त्यांना पाद्र्यापेक्षा चांगली वाचता यायची. त्यांनी पाहिली ती तोमेच्या अंगावरची घोंगडी: गळ्याशी आकडा लावलेला, आतल्या कोटाची कॉलर उभी, गुंड्या बंद, कुठे दोऱ्याएवढंही पांढरं दिसत नाही. विद्यार्थ्याच्या घोंगडीची रीत या गावात पाळण्यातली पोरंही जाणतात. खांद्यावरून मोकळी सोडलेली, छातीवर पांढरा सदरा चमकतोय, म्हणजे स्वारी मजेत आहे. बंद असली, की घरात सुतक.

आणि घोंगडी बंद होती ती कॉफीमुळे. सकाळी घाईत उभ्याउभ्याच दुधाळ कॉफीचा पेला तोंडाला लावताना मागून कुणीतरी धक्का दिला आणि एकुलता एक धुतलेला सदरा छातीपासून बेंबीपर्यंत तपकिरी झाला. आता घोंगडीच धुवायची नसते या गावात, तर सदऱ्याचं काय! घोंगडी धुतली की शिक्षण वाहून जातं असं म्हणतात. कायद्याच्या वर्गातला एक जण म्हणे इतकी वर्षं नापास होत राहिला, की शेवटी त्याची न धुतलेली घोंगडी कडक होऊन स्वतःच्या पायांवर उभी राहिली, एकटीच तोंडी परीक्षेला गेली आणि उत्तम गुणांनी पास झाली; मालक अजून पहिल्याच वर्षात आहे. असो. तोमेनं डागावर घोंगडी ओढली, आकडा लावला आणि विसरून गेला. रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही. पण माणूस स्वतःकडे बाहेरून कुठे बघतो? आत ओला सदरा छातीला चिकटत होता, कॉफीचा आंबूस गोड वास गळ्याशी येत होता, आणि बाहेर एर्मेलिंदाबाई त्याचा हात दोन्ही हातांत धरून, "देव तिला शांती देवो, बाळा," म्हणत अंगावर क्रूस काढत होत्या. त्यांचे हात थंड आणि कोरडे होते, कांद्याच्या सालीसारखे. त्यांनी नोट पोरांनी ताणलेल्या घोंगडीत टाकली आणि पाच पावलं पुढे जाऊन दुसऱ्या म्हातारीच्या कानाला लागल्या. ती तिसरीच्या. तोमे बघत राहिला. शब्द आपल्या तोंडातून निघून रस्त्यानं चालत गेलेला तो पहिल्यांदाच पाहत होता. टोपी घालून, काठी टेकत, ओळखीच्या प्रत्येक दारात थांबत चाललेला.

त्याला कळलं ते ब्रीजिदामुळे. ब्रीजिदा ही सगळ्या मोहिमेची कारभारीण. कायदा शिकत होती, पण आवाज असा की वकील झाली तर न्यायाधीशच गुन्हा कबूल करतील. तिनं आजवर तोमेला नावानं हाक मारली नव्हती. 'बटाट्या' म्हणायची. तासाभरापूर्वीच, "ए बटाट्या, कोपरा वर धर की! नाणी गटारात चाललीत. बेइराला मदत पाठवायचीय, उंदरांना नाही!" असं ती रस्ताभर ऐकू जाईल अशी ओरडली होती. ती आता जवळ आली, त्याच्या हातातला कोपरा हळूच स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, "तोमे."

बस. तेवढ्यानंच त्याला कळलं, काहीतरी भलतंच घडलंय.

"मला का नाही सांगितलंस?" तिचे डोळे भरले होते. "मी सकाळपासून तुला बटाट्या बटाट्या करतेय आणि तू... अशा अवस्थेत येऊन उभा राहिलास."

इथे सांगता आलं असतं. अगं बाई, कॉफी सांडलीय. चार शब्द. पण त्या क्षणी त्याला दोन गोष्टी एकदम दिसल्या. एक, भोवतीचे लोक ज्या मऊ नजरेनं त्याच्याकडे पाहत होते तसं त्याच्याकडे जन्मात कुणी पाहिलं नव्हतं. तो कुठल्याही फोटोत मागच्या रांगेत, कुणाच्या तरी कानामागे अर्धा दिसणाऱ्यांतला. आणि दुसरी गोष्ट, तीच खरी: सांगायला तोंड उघडलं आणि 'आत्या ठीक आहे' असं वाक्य जिभेवर आलं, तेव्हा जिभेनंच ते धरून ठेवलं. आत्या ठीक आहे हे कुणी सांगितलं होतं? वादळ झाल्यापासून बेइराचा एकही फोन लागत नव्हता. इतके दिवस तो सकाळ-संध्याकाळ घसा फोडून 'बेइरा, बेइरा' ओरडत होता, आणि त्या बेइरात ओदेते आत्या नावाची एक बाई राहते, तिला घर आहे, छप्पर आहे किंवा नाही, हा विचार त्याच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. बेइरा म्हणजे घोंगडीत पडणारं काहीतरी होतं. तिथे माणसं राहत होती, पण ओळखीचं कुणी नव्हतं. म्हातारीनं विचारलं तेव्हा 'आत्या' हा शब्द आतून आपसूक आला, जणू ती दारामागेच उभी होती आणि कुणी कडी काढायची वाट पाहत होती.

ओदेते आत्याची गोष्ट घरात दोनच माणसांना पुरती ठाऊक होती, आणि दोघांची वेगळी होती. तिकडचा मुलूख पोर्तुगालच्या हातून स्वतंत्र झाला तसे पोर्तुगीज पेट्या, खोकी, पिंजऱ्यातले पोपट घेऊन जहाजानं परतायला लागले. तोमेचे आजोबाही निघाले. आत्या, तेव्हाची तरणीताठी, बंदरापर्यंत आली, पेट्या चढवल्या, सगळ्या मोजून घेतल्या आणि म्हणाली, "थांबा, एक विसरलेलं घेऊन येते." ती परत फिरली ती फिरलीच. जे विसरलं होतं त्याचं नाव झाकारियास, रेल्वेत सिग्नल बघायचा, तिथलाच काळासावळा माणूस. तिनं त्याच्याशी लग्न केलं. बाबा तेव्हा लहान होते. जहाजाच्या कठड्याला धरून ते आक्काची वाट बघत उभे राहिले. किनारा दिसेनासा झाला तरी कठडा सोडेनात, शेवटी खलाशानं एकेक बोट सोडवलं. आता व्हिझेउ गावात त्यांचं टायरचं दुकान होतं, पोट सुटलं होतं, पण अजूनही कुणी "आलोच हं" म्हणून उठलं की ते घड्याळ बघत. आत्याच्या गोष्टीत कठडा वगैरे काही नव्हता. तिच्या गोष्टीत जहाज कुबट होतं, पोपट शिव्या देत होता आणि झाकारियास फाटकाशी उभा राहून हिरवा बावटा दाखवत होता, एवढंच.

तोमेनं तिला पाहिली ती एकाच उन्हाळ्यात. नवरा वारल्यावर ती आली होती, काजूंची पिशवी आणि मोठ्ठा आवाज घेऊन. समुद्रावर सगळे वाळूत बसले असताना तिनं तोमेला बखोटीला धरून पाण्यात नेलं. अटलांटिकचं पाणी, हाडं वाजवणारं. तो बोंबलत होता. "पाण्याशी भांडतोस काय, गधड्या," ती म्हणाली, "त्याला पाठ दे. झोप त्याच्यावर." तिचा तळहात त्याच्या पाठीखाली होता, रुंद, खरखरीत, आणि कान पाण्याखाली गेल्यामुळे जगाचा आवाज बंद झाला होता, फक्त आभाळ, आणि कडेला तिची हनुवटी. हात कधी काढून घेतला ते त्याला कळलंच नाही. नंतर बाबांचं आणि तिचं काहीतरी वाजलं, आणि सुट्टी संपायच्या आत ती निघून गेली. मग राहिले फोन. वाढदिवसाला, नाताळला, मधेच कधीतरी; पडद्यावर अधिकचं चिन्ह आणि लांबलचक परका आकडा. तोमे फोन पालथा घालायचा. 'नंतर' म्हणायचा. वाईट मनानं नाही. फोनवर ती काय खाल्लंस विचारायची, कुठली मुलगी आहे का विचारायची, मग लाईन खरखरायची, आणि आपल्याला बोलायला काही सुचायचं नाही. आता या बाजाररस्त्यावर, अनोळखी लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात असताना, त्याला तो खरखरीत तळहात पाठीखाली जाणवला आणि त्याला खरोखर रडू आलं. ते पाहून तर घोंगडी भरून वाहायला लागली. कसायानं दिलं, लॉटरीवाल्यानं दिलं, एका जर्मन पर्यटकानं काय चाललंय ते न कळता टोपी काढली आणि दिलं. रडं खरं होतं आणि कारण खोटं होतं, की उलट होतं, हे त्याला त्या ओल्या सदऱ्यात उभं राहून सोडवता येईना.

दुपारी एव्हारिस्तो त्याला आपल्या खोलीवर घेऊन गेला. एव्हारिस्तो मँडोलिन वाजवायचा आणि फावल्या वेळात डॉक्टरकी शिकायचा. गोल, दयाळू, सदा भुकेला. त्यानं भाताची थाळी समोर ठेवली आणि स्वतः न खाता बसला, हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं उदाहरण. तोमेनं ठरवलं, याला सांगायचं.

"एव्हारिस्तो, आत्या मेलेली नाहीये."

"अर्थातच नाही," एव्हारिस्तो गहिवरून म्हणाला. "अशी माणसं मरत नसतात."

"तसं नाही रे. खरंच नाही मेली. म्हणजे, मला माहीतच नाही."

"हेच! अगदी हेच. दुःखाच्या पहिल्या पायरीवर माणूस हेच म्हणतो. आम्हाला आहे अभ्यासाला."

"अरे, ऐक. म्हातारीचा गैरसमज झाला. माझ्या सदऱ्यावर कॉफी..."

"कॉफी हवीय?" एव्हारिस्तो उठलासुद्धा. "आणि सदरा काढ तो आधी, ओला आहे. दुःखात छाती गार पडते." त्यानं आपला धुतलेला सदरा काढून दिला, इतका ऐसपैस की आत आणखी एक तोमे राहिला असता. तोमेनं तो घातला. कोरडा, पांढरा शुभ्र, साबणाचा वास. आता घोंगडी बंद ठेवायला कॉफीचं निमित्तही उरलं नव्हतं. दारातल्या आरशात त्यानं स्वतःला पाहिलं. मोकळी सोडली की संपलं, खाली जाऊन पांढरी छाती दाखवली की कुणीतरी विचारेल आणि सांगावं लागेल. हात गळ्याशी गेला. आणि त्यानं आकडा लावला. सकाळी लावला तो डाग झाकायला. हा लावला तो डोळे उघडे ठेवून. आपल्या हातानं आपल्यावर पांघरूण घालताना त्या बारीकशा आकड्याचा खटका कानात तोफेसारखा वाजला.

"पाच वाजता," एव्हारिस्तो मऊ आवाजात म्हणाला, "ब्रीजिदानं पुलाजवळच्या चौकात सगळ्यांना बोलावलंय. आम्ही गाणार. आणि तुझ्यासाठी घोंगड्या अंथरणार."

ज्याला मोठ्यात मोठा मान द्यायचा त्याच्या पायाखाली कोइंब्र्याची पोरं आपल्या घोंगड्या अंथरतात. आजवर तोमेनं हे एकदाच पाहिलं होतं, आणि ते नव्वदी गाठलेल्या एका गवयासाठी होतं, तोही भिऊन कडेकडेनं चालला होता. "माझ्यासाठी नको," तोमे म्हणाला. एव्हारिस्तोनं डोळे पुसले. "ब्रीजिदा म्हणालीच होती, तो नको म्हणेल."

मग तोमे नदीकाठी आला. मोंदेगो त्या दिवसांत भरलेली असते, पण सभ्य असते. काठ सोडत नाही, कुणाच्या घरात शिरत नाही. तो कठड्याला टेकून फोन लावत राहिला. आत्याच्या नंबरावरून एक बाई पुन्हा पुन्हा गोड आवाजात सांगत होती की हा ग्राहक सध्या उपलब्ध नाही. उपलब्ध. काय शब्द आहे! पाण्यावरून झाडाची फांदी वाहत आली, तिला प्लास्टिकची पिशवी अडकली होती, आणि तोमेला वाटलं, आपण सकाळी आकडा लावला त्याच घटकेला तिकडे काहीतरी झालं. आपण इथे सुतक धरलं म्हणून तिला मरावं लागलं. अशी गोष्ट तो स्वतः कुणाकडून ऐकता तर पोट धरून हसला असता. आता हसू येईना. त्यानं देवाशी घासाघीस सुरू केली, जो त्याला एरवी परीक्षेच्या आदल्या दिवशीच भेटायचा. ती जिवंत असू दे, मी चौकात उभा राहून सगळं सांगेन, लोकांनी चपला मारल्या तरी चालतील. आणि मेली असेल तर? मेली असेल तर सांगायचं काही उरणारच नाही. मग ते खोटं नव्हतंच. मग आपण फक्त सगळ्यांच्या आधी ते जाणलं, एवढंच. आणि मग, पापणी लवेल इतकाच वेळ, त्या वाहत्या पाण्याकडे बघताना त्याच्या मनात आलं: मेली असेल तर बरं.

तो कठड्यापासून मागे सरला. कुणी पाहिलं का म्हणून इकडे तिकडे पाहिलं. बाकावर एक माणूस वर्तमानपत्र वाचत होता, त्यानं पान उलटलं. मनात आलेली गोष्ट चेहऱ्यावर दिसत नाही हे तोमेला ठाऊक होतं, तरी त्यानं गालावरून हात फिरवला, डाग पुसावा तसा. त्या एका क्षणात त्यानं आत्याला पुरती मारली होती; सकाळी नाही, म्हातारीसमोर नाही, आत्ता. आपली लाज वाचावी म्हणून. वादळानंसुद्धा तिचं इतकं वाईट चिंतलं नसेल. तो खालीच बसला, आणि फोन पुन्हा लावला, पुन्हा लावला, आता देवाला काहीही देऊ न करता, नुसता, आंधळ्यासारखा. गोड आवाजाची बाई जराही न कंटाळता उत्तर देत राहिली. वर टेकडीवर विद्यापीठाच्या मनोऱ्यातली घंटा वाजली. तिला गावात 'बकरी' म्हणतात. बकरी ओरडली की पोरांनी निमूट निघायचं असतं. तो निघाला.

चौक काळा झाला होता. एरवी त्या चौकात कबुतरं आणि बससाठी भांडणारे लोक. आता घोंगड्याच घोंगड्या, एकाला एक लावून, चर्चच्या पायऱ्यांपासून पुलाच्या तोंडापर्यंत अंथरलेल्या. पोरं दोन्ही बाजूंना नुसत्या कोटांवर कुडकुडत उभी. मागे गाव. मँडोलिन लागलं, गाणं झालं, कुठलं ते तोमेला ऐकूच आलं नाही, मग ब्रीजिदानं त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे केलं. "जा, तोमे," ती म्हणाली. त्याला वाटलं, तिनं एकदा बटाट्या म्हणावं, एवढंच, मी बटाट्यासारखा गडगडत खरं बोलून टाकीन. त्यानं एक बूट उचलला आणि पहिल्या घोंगडीवर ठेवला. ती मऊ होती. बुटाखाली कुणाचं तरी अंग असावं तशी मऊ. दुसरा बूट उचलायला तो घेणार, तोच त्याच्या खिशात फोन किंचाळला.

चौकातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. ब्रीजिदा दातओठ खात कुजबुजली, "बंद कर!" तोमेनं फोन काढला. अधिकचं चिन्ह, आणि लांबलचक आकडा. ओळखीचा नव्हता. अंगठा सवयीनं बंद करायच्या बाजूला गेला आणि तिथेच थबकला. त्यानं उचलला.

"तोमे? कोण, तोमेच ना? मोठ्यानं बोल, इथे जनरेटर बोंबलतोय!"

"आत्या?"

"मग कोण, पोपची मावशी? पाद्रीबुवांचा फोन आहे हा, आभाळातून चालणारा, एकेकाला एकच लावायला देतात, मागे अख्खं गाव उभं आहे. म्हणून पटकन ऐक. मी शाळेच्या गच्चीवर आहे. पाय मुरगळलाय. कोंबड्या गेल्या. घराचं छप्पर शेजाऱ्याच्या घरावर बसलंय, शेजारी म्हणतो भाडं दे."

कुठे आहोत, कुणाच्या घोंगडीवर उभे आहोत, सगळं पुसून गेलं. कान पाण्याखाली गेल्यासारखे झाले. "आत्या," तो कसाबसा म्हणाला, "बाबांना का नाही लावलास?"

"त्याचा नंबर पाठ नाही. तुझाच तेवढा आहे."

"माझा कसा?"

"तू उचलत नाहीस ना. परत परत लावावा लागतो. झाला पाठ."

जनरेटर घरघरत होता. चौकात लोक आपसांत कुजबुजायला लागले होते. तोमेनं डोळे मिटले, तोंडावर हाताचा आडोसा धरला आणि म्हणाला, "आत्या, इथे सगळ्यांना वाटतंय तू मेलीस."

"कुणी सांगितलं?"

"मी."

मग हळू, हिशेबी आवाजात: "लोक रडले का?"

"हो. खूप."

"कोण कोण?"

"अख्खं गाव, आत्या. गाणं म्हटलं. घोंगड्या अंथरल्यात."

"अगं बाई!" ती म्हणाली, आणि ती खूश झाली होती यात शंका नव्हती. "माझ्या लग्नाला दीड माणूस आलं होतं रे. बरं, आता नीट ऐक, गधड्या. मेलेल्याला काही लागत नाही. मला लागतंय. त्यांना म्हणावं, तांदूळ पाठवा आणि ताडपत्र्या. माझा फोन भिजलाय तर इथले शहाणे सांगतात तांदळात ठेव, सुकेल. तांदूळ असता तर खाल्ला नसता का? आले, आले, बुवा, झालंच! तोमे, बापाला सांग..." आणि लाईन गेली.

तोमे वळला. ब्रीजिदा त्याच्याकडे बघत होती, तोंड अर्धवट उघडं. "जिवंत आहे," तो म्हणाला. मग मोठ्यानं: "जिवंत आहे! शाळेच्या गच्चीवर!" आणि चौकाला जे काही झालं ते सांगायला माझ्याजवळ शब्द तोकडे आहेत. टोप्या उडाल्या, म्हाताऱ्या गुडघ्यांवर बसल्या, एव्हारिस्तोनं मँडोलिनची एक तार तोडली. चमत्कार! चुकीची बातमी आली होती, आता खरी आली! कुणी तोमेला उचललं, कुणी गालाचे मुके घेतले. आणि तोमेला दिसलं की काहीच करायची गरज नाही. कुणी विचारणार नाही. पांघरूण आपोआप पडलंय, चौकाएवढं मोठं. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच, त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली. नदीवरचा तो पापणीएवढा क्षण त्याला आठवला. तो लोकांच्या खांद्यांवरून धडपडत खाली उतरला आणि ब्रीजिदाच्या हातातला घोषणा द्यायचा कर्णा त्यानं ओढून घेतला.

"चुकीची बातमी आलीच नव्हती!" तो ओरडला. "कुठलीच आली नव्हती! माझ्या सदऱ्यावर कॉफी सांडली होती म्हणून मी घोंगडी बंद केली. बाकीचं तुम्हाला वाटलं, आणि मी वाटू दिलं!"

मोठा विचित्र आवाज झाला, बैलगाडीचं चाक निखळावं तसा. मग एकजण हसला, मग बरेच. काहीजण मान हलवत निघून गेले, आणि त्यांनी ते बरोबरच केलं. लॉटरीवाला पुढे आला, लालबुंद. "माझे पैसे परत. मी मेलेल्या बाईसाठी दिले होते."

"घ्या," तोमे म्हणाला. "पण ती तांदूळ मागतेय. मेलेल्याला काही लागत नाही, मला लागतंय, म्हणाली."

"असं म्हणाली?"

"असंच. आणि छप्पर शेजाऱ्याच्या घरावर बसलंय, तो भाडं मागतोय."

लॉटरीवाल्यानं नोट हातात घेतली, विचार केला, नाक ओढलं आणि परत टाकली. "शेजाऱ्याला दमडी देऊ नको म्हणावं," तो म्हणाला. ब्रीजिदा पुढे आली. तिनं तोमेच्या डोक्यात एक सणसणीत टपली मारली, इतकी जोरात की कबुतरं उडाली, आणि म्हणाली, "बटाट्या! उद्यापासून ताडपत्र्या. घाऊक बाजारात सकाळी जायचं. तूच वाहायच्या." आणि आपली तुडवलेली घोंगडी झटकत निघून गेली, रडत की हसत ते पाठमोरं कळलं नाही.

चौक रिकामा व्हायला लागला तसा तोमे पुलाच्या कठड्यावर बसला. त्यानं घोंगडीचा आकडा काढला; गळ्याशी वारा लागत होता, गार, चांगला. त्यानं व्हिझेउला फोन लावला.

"काय रे, पैसे संपले?" बाबा म्हणाले. मागे टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज.

"बाबा, आत्याचा फोन आला होता."

हवेचा आवाज थांबला. तोमेनं फोन कानापासून काढून पाहिला, लाईन चालू आहे ना.

"शिव्या दिल्या?" अखेर बाबांनी विचारलं.

"गधड्या म्हणाली."

"मग तीच." आणि बाबांनी नाक शिंकरलं, टायरवाल्याच्या कळकट फडक्यातच असणार. "काय म्हणाली आणखी?"

"म्हणाली, बापाला सांग. आणि लाईन गेली."

"काय सांग?"

"ते सांगायच्या आतच गेली."

कुणीतरी त्यांना दुकानात हाक मारली, त्यांनी "थांब!" म्हणून खेकसल्याचं ऐकू आलं. मग ते अगदी वेगळ्या, लहान आवाजात म्हणाले, "तिचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे. पण लागणार नाही, बाबा. फोन भिजलाय तिचा. सुकेपर्यंत..."

"नाही लागला तर नाही लागला. सांग तू. कागद नाही इथे, हात काळे आहेत. पाठच करतो."

तोमेनं पडद्यावर नंबर काढला आणि एकेक आकडा सांगायला लागला. बाबा मागून म्हणत गेले, शाळेत पाढे म्हणावेत तसे, सुरात. मधेच चुकले. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून. नदीवर दिवे लागले, पुलावरून बस गेली, पूल थरथरला. पुन्हा चुकले. "पुन्हा." कितव्यांदा तरी दोघं एकदम म्हणत शेवटच्या आकड्यापर्यंत पोचले, आणि तोमेच्या ध्यानात आलं की फोन कानाला आहे, पडदा दिसतच नाहीये, आणि आपण न बघता म्हणतो आहोत.